आधी पाय, मग हात

मुलांकडे अमेरिकेत किंवा कॅनडात चार-सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांना तिथल्या एखाद्या वाचनालयात, ज्येष्ठांच्या केंद्रात किंवा उद्यानात ताई चीचा मोफत वर्ग सापडतो. खर्च नाही, वयाची अट नाही, हालचाली संथ, शिवाय घरात एकटं बसण्यापेक्षा चार माणसांची सोबत. त्यांनी जावं असं मलाही मनापासून वाटतं. पण नवख्या माणसाला तिथे इजा का होते, हे जाण्याआधी कळायला हवं. शिकवणारा बहुधा तळमळीचाच असतो. अडचण अशी की ज्याला वाटेल त्याने वाटेल त्या दिवशी यावं, अशा वर्गाला सुरुवातच नसते. जुनी मंडळी चोवीस हालचालींचा क्रम करत असतात आणि नवा माणूस मागच्या कोपऱ्यात उभा राहून त्यांच्या हातांची नक्कल करतो. हात डोळ्यांना दिसतात. कुठल्या पायावर किती भार आहे ते दिसत नाही, आणि ताई चीचं सगळं मर्म त्या भारात आहे.

‘इतक्या सावकाश हालचालीत काय दुखणार?’ असं विचारलं जातं. दुखण्याचं मूळ त्या सावकाशपणातच आहे. भरभर चालताना शरीर वेगाच्या जोरावर पुढे जातं; इथे ती मदत नाही, त्यामुळे वाकलेल्या एका गुडघ्यावर सगळा देह बराच वेळ तोलला जातो. त्यातून वळायचं असेल तर आधी त्या पायावरचा भार काढून मगच पाऊल फिरवणं नवख्यासाठी सुरक्षित. ज्यावर भार आहे त्याला चिनी परंपरा भरलेला पाय म्हणते, ज्यावर नाही त्याला रिकामा पाय. नुसते हात पाहून वळणारा माणूस भरलेल्या पायावरच गर्रकन फिरतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं राहतं, कंबर पुढे निघून जाते आणि मधला सगळा पीळ गुडघा सोसतो. पहिल्या दिवशी हे जाणवेलच असं नाही. म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ताई चीने पडण्याचा धोका घटतो हे संशोधनातून दिसलं आहे ना? दिसलं आहे. पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढच्या 670 जणांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणारे 58 टक्क्यांनी कमी वेळा पडले. पण त्यांनी काय केलं होतं? तोल सुधारण्यासाठी मुद्दाम आखलेला कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा, तासभर, सलग 24 आठवडे. कधी आलो, कधी नाही, अशा हजेरीला तो आकडा लावता येत नाही.

चीनमधल्या बागांत लोक बघूनच शिकतात, हेही खरं. पण तिथे रोज सकाळी तीच माणसं भेटतात, वर्षानुवर्षं. आज चुकलेलं पाऊल उद्या कुणीतरी दुरुस्त करतं. आपल्याकडे असतात जेमतेम काही महिने. शिवाय आपण अवघड समजतो तो चोवीस हालचालींचा क्रम मुळात 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी सोपा करून बांधला. सोप्या केलेल्या गोष्टीलाही पायरी लागते, आणि वर्ग ती देत नसेल तर आपली आपण घालून घ्यावी. मागच्या कोपऱ्यात उभं राहू नये. क्रमात दिशा बदलते, आणि मागचा माणूस क्षणात सगळ्यांच्या पुढे येतो, बघायला कुणी उरत नाही. मधोमध उभं राहिलं की चारही बाजूंना माणसं असतात. गुडघे थोडेच वाकवावेत, पायाच्या बोटांच्या रोखानेच. शेजारची बाई कितीही खाली बसू दे. पहिले काही आठवडे हात सोडून द्यावेत, फक्त पावलं करावीत. ‘जंगली घोड्याची आयाळ दुभंगणं’ ही त्या क्रमातली दुसऱ्याच क्रमांकाची हालचाल. तिथपर्यंतची पावलं नीट जमली तरी महिना सार्थकी लागला. गुडघ्याची शस्त्रक्रिया, चक्कर, ठिसूळ हाडं यांतलं काही असेल तर वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाला सांगावं, आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा: माझा भार आत्ता कुठल्या पायावर आहे? मोफत शिकवणाऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच आपल्या लोकांना फार. पण या प्रश्नाला दोन मिनिटं देणारा शिक्षक मिळाला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं.