टिळकांच्या भजनांतील 'माउली' आणि दुःखाचा प्रश्न

चऱ्होली इंद्रायणीकाठी, आळंदीच्या लगत वसलेली. या परिसरात 'माउली' म्हटले की ज्ञानेश्वरच अभिप्रेत असतात. हीच मातृभावना नारायण वामन टिळकांनी आपल्या भजनांत ख्रिस्ताकडे वळविली; ही घटना केवळ शब्दसंक्रमणाची नव्हे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. मराठी ख्रिस्ती भजनाची मीमांसा त्या सेतूपासूनच करावी लागते.

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी गमावलेल्या तुकारामांनी विठ्ठलाशी भांडण मांडले. भांडता येण्याइतकी जवळीक, हाच तेथील विश्वासाचा पुरावा होय. टिळकांत ही सलगी आहे. तक्रारीचा सूर मात्र मंदावतो. त्यांचा देव क्रुसावर स्वतः दुःख भोगलेला आहे. अशा देवाला दुःख समजावून सांगावे लागत नाही.

तथापि या निष्ठेची किंमत भजनांत शोधणे अपुरे ठरेल. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. 'स्मृतिचित्रे' तो काळ सांगताना ईश्वरी योजनेचा आधार घेऊन दुःख सौम्य करीत नाही. हसू आणि आक्रोश शेजारी राहू देते. (समीक्षेने त्यातील विनोदच अधिक वाखाणला, हे खटकते.) टिळकांना कवितेत गवसलेला विश्वास लक्ष्मीबाईंना संसारात कमवावा लागला. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. ज्या श्रद्धेपायी घर एकदा मोडले होते, तिचेच अपुरे राहिलेले काव्य, 'ख्रिस्तायन', पुढे रचण्यास शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाई बसल्या.