पासबुकात नसलेला कोड

नागपुरातल्या कुठल्याही बँकेचं पासबुक उघडा. पहिल्या पानावर बहुधा दोन कोड दिसतील: अकरा अक्षरी आयएफएससी आणि ४४० ने सुरू होणारा नऊ आकडी एमआयसीआर. पहिला एनईएफटी-आरटीजीएससाठी, दुसरा चेकसाठी. परदेशातून येणाऱ्या पैशाला मात्र स्विफ्ट कोड लागतो, आणि नेमका तोच पासबुकात सहसा नसतो.

प्रस्तुत लेखकाच्या भाचीला आजीच्या ऑपरेशनसाठी जर्मनीहून नागपूरला पैसे पाठवायचे होते. शाखेत विचारलं, तर काउंटरच्या काचेखालच्या कागदावरून कोड उतरवून मिळाला. कागद होता विलीनीकरणाआधीचा! भाचीच्या खात्यातून पैसे गेले, नागपुरात जमा होईनात. शेवटी मधल्या बँकेने आपलं शुल्क कापून उरलेली रक्कम जर्मनीला परत पाठवली.

असं होण्याला जागा आहे. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिचे स्विफ्ट कोड बंद झाले १ जुलै २०२१ पासून. मधल्या काळात लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि मोबाइलमध्ये जपलेले तपशील आपोआप बदलत नाहीत.

स्विफ्ट ही पैसे वाहून नेणारी संस्था नाही. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी ती बेल्जियममध्ये उभारली, ती टेलेक्सऐवजी भरवशाचे संदेश पाठवण्यासाठी. कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची (आपल्यासाठी आयएन), नंतरची दोन ठिकाणाची आणि असलीच तर शेवटची तीन शाखेची. नागपूरच्या खात्यासाठी मुंबईचा ‘बीबी’वाला कोड मिळाला, तर घाबरायचं कारण नाही. अनेक बँका परदेशी व्यवहार मुंबईच्या कोडवर घेतात आणि खाते क्रमांकावरून रक्कम नागपूरला जमा करतात.

स्विफ्टच्या रकान्यात चुकून आयएफएससी टाकला, तर तो तिथेच अडायला हवा, कारण आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतं आणि स्विफ्टमध्ये तिथे देशाचं अक्षर लागतं. खरा धोका साच्यात चपखल बसणाऱ्या चुकीच्या कोडचा. युरोपातल्या आयबॅन क्रमांकात चूक पकडणारे दोन तपासणी अंक असतात. भारतात आयबॅन नाही, त्यामुळे जर्मन फॉर्ममध्ये तो रकाना दिसला तरी तिथे आपला खाते क्रमांकच द्यावा लागतो, आणि तो अंक न् अंक ताडून.

संदेश साच्यात बसला की पुढची बँक त्यावर विश्वास ठेवते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा गेलेल्या सुमारे ९४ कोटींपैकी जवळपास १४ कोटी रुपये बनावट स्विफ्ट संदेशांनी हाँगकाँगच्या खात्यात गेले होते.

म्हणून पैसे मागवण्याआधी शाखेकडून चार गोष्टी लेखी किंवा ईमेलवर घ्याव्यात: सध्या चालू असलेला स्विफ्ट कोड, खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव, पूर्ण खाते क्रमांक आणि मधल्या बँकेचा तपशील लागत असल्यास तोही. खातं लहान सहकारी बँकेत असेल, तर ती परदेशी रक्कम थेट घेते की दुसऱ्या बँकेमार्फत, हे आधी विचारावं. नेटवर सापडलेला कोड बँकेकडून पडताळल्याशिवाय वापरू नये.

परदेशी देणगी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थांची वाट वेगळी आहे. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर संस्था नागपूरची असली, तरी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

पाठवणाऱ्याने शुल्क कोण भरणार ते आधी ठरवावं आणि व्यवहार झाल्यावर बँकेकडून संदेशाची प्रत मागून घ्यावी. तिच्यावरचा ३६ अक्षरी यूईटीआर क्रमांक दिला, की रक्कम कुठल्या बँकेत थांबली आहे याचा माग बँकेला काढता येतो. भाचीची रक्कम परत येत असल्याचं त्यावरूनच कळलं. पुढे नव्या कोडवर पाठवलेले पैसे सुरळीत जमा झाले, पण पहिल्या फेरीतलं शुल्क मात्र कुणी परत दिलं नाही.