लाँग स्टोरी शॉर्ट : परदेशात हकीकत थोडक्यात सांगताना

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बरीच वर्षं काढलेल्या मराठी कुटुंबांना आम्ही एकच विचारलं : नव्यानं आलेल्यांना बोलण्याबाबत काय सांगाल? व्याकरण आणि उच्चार यांचा उल्लेख फार थोड्यांनी केला. बहुतेकांनी सांगितलं ते असं, की आपल्या लोकांचं इंग्रजी चांगलं असतं, पण हकीकत सांगायला लागले की मुद्द्यावर यायला वेळ लागतो. सोमवारी सकाळी सहकारी विचारतो, 'वीकेंड कसा गेला?' आपण गाडी भाड्यानं कुठून घेतली तिथून सुरुवात करतो आणि धबधब्यापर्यंत पोचायच्या आत त्याची मीटिंग सुरू होते. अशा वेळी 'लाँग स्टोरी शॉर्ट' हे तीन शब्द फार उपयोगी पडतात. ते नीट वापरायचे कसे, हे या टिपणात एकत्र केलं आहे.

वाक्यात जागा कोणती?

हा शब्दप्रयोग हकीकतीच्या मध्यावर येतो. आधी एक-दोन वाक्यांत अडचण सांगायची, मग हे शब्द, क्षणभर थांबायचं आणि लगेच शेवट. लिहिताना पुढे स्वल्पविराम द्यायचा. दोन नमुने पाहा :

'वी मिस्ड अवर कनेक्टिंग फ्लाइट अँड द नेक्स्ट वन वॉज फुल. लाँग स्टोरी शॉर्ट, वी स्लेप्ट अ‍ॅट द एअरपोर्ट.'

'द लँडलॉर्ड आस्क्ड फॉर अ क्रेडिट हिस्टरी अँड वी हॅड नन. लाँग स्टोरी शॉर्ट, वी आर स्टिल लुकिंग.'

या शब्दांनंतर एकच वाक्य, फार तर दोन. 'लाँग स्टोरी शॉर्ट' म्हणून पुन्हा पाच मिनिटं बोलत राहणं ही नवागतांची सर्वांत नेहमीची चूक. ऐकणाऱ्याला तुम्ही शेवटाचं वचन दिलेलं असतं, ते पाळायचं. ऐकणाऱ्याला रस वाटला तर तोच विचारेल, 'वेट, व्हॉट हॅपन्ड?' मग खुशाल सविस्तर सांगा.

दुसरी चूक म्हणजे आधी काहीच न सांगता याच शब्दांनी सुरुवात करणं. आटोपायला आधी काही तरी सांगितलेलं हवं. 'इट्स अ लाँग स्टोरी' हा प्रयोगही वेगळा ओळखावा. कोणी असं म्हणालं, तर त्याला बहुधा तो विषय आत्ता नको असतो. तिथे 'सांगा ना' म्हणून आग्रह करू नये.

देशानुसार फरक

मूळ लांब रूप अमेरिकेत 'टू मेक अ लाँग स्टोरी शॉर्ट' असं ऐकू येतं, तर ब्रिटनमध्ये 'टू कट अ लाँग स्टोरी शॉर्ट'. स्पँडाउ बॅले या लंडनच्या बँडचं १९८० सालचं पहिलं गाणं याच ब्रिटिश रूपाच्या नावाचं आहे. टेलर स्विफ्टच्या २०२० मधल्या 'एव्हरमोर' या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव आहे नुसतं 'लाँग स्टोरी शॉर्ट'. आज दोन्ही देशांत हे छोटं रूप चालतं, त्यामुळे नवागतानं तेच उचलावं. मेसेजमध्ये त्याची आद्याक्षरं 'एलएसएस' दिसली तर गोंधळू नका.

ऑफिसात आणि मुलाखतीत

चहा-कॉफीच्या गप्पांत हा प्रयोग शोभतो. वरिष्ठांना पाठवलेल्या औपचारिक ईमेलमध्ये किंवा अहवालात तो सैल वाटतो. तिथे 'इन समरी' किंवा 'इन शॉर्ट' लिहावं आणि निष्कर्ष पहिल्याच परिच्छेदात द्यावा. निष्कर्ष आधी सांगणं आपल्याला मुळीच परकं नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात आणि उत्तररंगात त्यासाठी आख्यान लावतात. मीटिंगमध्ये तोच क्रम ठेवा.

मुलाखतीत 'टेल मी अबाउट अ टाइम व्हेन...' असा प्रश्न हमखास येतो. इथे 'स्टार' पद्धत सांभाळा : परिस्थिती, तुमच्यावरची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम. आपली माणसं परिस्थितीतच अडकतात आणि कृतीपाशी आल्यावर 'आम्ही' म्हणतात. परिस्थिती दोन वाक्यांत संपवा, कृतीला सर्वाधिक वेळ द्या आणि जे स्वतः केलं ते 'मी' म्हणून सांगा. इथे 'लाँग स्टोरी शॉर्ट' म्हणून कृती गाळलीत, तर परीक्षकाला जे ऐकायचं होतं तेच निसटेल.

डॉक्टरांसमोर

१९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात. म्हणून पहिलं वाक्य घरूनच तयार करून न्या : काय होतंय, किती दिवसांपासून, आणि कशानं वाढतं. दोन तक्रारी असतील तर दोन आहेत हे सुरुवातीलाच सांगा. औषधांची यादी कागदावर लिहून न्या. भारतातून आलेल्या आई-वडिलांबरोबर जाताना हे आदल्या रात्री त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण आपल्याकडे फॅमिली डॉक्टरला घरची सगळी माहिती असते. इथल्या डॉक्टरला ती नसते, आणि वेळही मोजका असतो.

तातडीच्या फोनवर क्रम आणखी कडक असतो. अमेरिकेत ९११ ला फोन केला तर आधी ठिकाण सांगा. ब्रिटनमध्ये ९९९ वर आधी कोणती सेवा हवी ते विचारतात.

कुठे आखडतं घेऊ नये

पोलीस, विमा आणि वकील यांना सगळं तारखांसकट, घडलं त्या क्रमानं सांगावं. गाळलेला तपशील पुढे महाग पडतो. इमिग्रेशन अधिकाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचंच खरं आणि पूर्ण उत्तर द्यावं.

कुणाचा मृत्यू, घटस्फोट किंवा नोकरी गेल्याची बातमी सांगताना हे शब्द नकोत, त्यांनी दुःख उरकून टाकल्यासारखं वाटतं. आणि समोरचा स्वतःचं काही मनापासून सांगत असेल, तर त्याला कधीही 'लाँग स्टोरी शॉर्ट?' असं विचारू नका. ऐकून घेतल्यानंच माणसं जोडली जातात, हे जवळजवळ प्रत्येक कुटुंबानं सांगितलं.

सराव

टोस्टमास्टर्स ही संस्था १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे सुरू झाली. तिच्या क्लबांत 'टेबल टॉपिक्स'मध्ये ऐनवेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं, आणि वेळ भरत आली की हिरवा, पिवळा, लाल असे दिवे दाखवतात. पाहुणा म्हणून एकदा जाऊन बघा. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्गही चालतात. घरी सराव करायचा तर एखाद्या प्रसंगाचा शेवट आधी ठरवा, मग त्या शेवटाला लागणारी दोनच वाक्यं निवडा, आणि बाकीचं सोडून द्या.

ही काटछाट मात्र बाहेरच्या कामापुरतीच ठेवा. घरात मुलांना गोष्टी मराठीत आणि पूर्ण लांबीच्या सांगा. आत्या कोणत्या गावची, आजोबांनी नोकरी का बदलली, घर कुणी बांधलं, हे सगळं लांबलेल्या हकीकतीच्या आडवळणांतच असतं. इथे वाढणाऱ्या मुलाला ते दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही.