'मग' आणि 'म्हणून'

इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांत दोन लहान शब्द वारंवार भेटतात : 'मग' आणि 'म्हणून'. पहिला शब्द घटनांचा क्रम सांगतो; दुसरा त्यांचे नाते सांगतो. वाचकाची नजर जरा चुकली, की 'मग'च्या जागी 'म्हणून' येऊन बसतो.

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावे उशिरा निजली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपमापनात हा धक्का 6 हून थोडा अधिक भरला. एवढ्याच धक्क्यात इतर देशांत पुष्कळदा फार थोडी माणसे दगावतात. मग येथेच असा अनर्थ का व्हावा? भूकंप झाला म्हणून, हे उत्तर खरे आहे. पण पुरे नाही.

त्या घरांकडे पाहावे. काळ्या दगडांच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, सांध्यांत चुन्याऐवजी माती आणि वर माळवदाचा भार. लातूर-नांदेडकडच्या उन्हाळ्यात अशी घरे थंड राहतात. तेव्हा बांधणाऱ्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. भूकंपाच्या नकाशातही हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जमीन हलताच मातीने धरलेले दगड सुटले आणि भिंती ढासळल्या. कित्येक घरांत आतील लाकडी खांब मात्र उभेच राहिले! वेळ पहाटेची होती, म्हणून माणसे घरात होती. हा 'म्हणून' खरा.

विसर्जन झाले, मग भूकंप झाला. येथे 'म्हणून' कोणी घालणार नाही. पण तेरणा नदीवर माकणी येथे धरण झाले आणि मग किल्लारी हादरली, येथे काय म्हणावे? काही शास्त्रज्ञांनी त्या पाण्याकडे बोट दाखविले; इतरांना ते पटले नाही. कोयनेची गोष्ट निराळी. तेथे 1967 च्या मोठ्या भूकंपानंतरही धक्के बसत राहिले, आणि धरणातील पाण्याच्या चढउताराशी त्यांचा मेळ पुनःपुन्हा आढळला. असा पुरावा हाती येईपर्यंत 'मग' हाच शब्द प्रामाणिक ठरतो.

2002 साली भूकंपाचा नकाशा बदलण्यात आला. सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला पट्टा त्यात ठेवलाच नाही.