घटक ४ : अँग्लिकन चर्चची श्रद्धा आणि मूल्ये – पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराच्या संदर्भात

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• अँग्लिकन चर्चच्या श्रद्धेचे प्रमुख आधार सांगता येतील.
• उपासना, धर्माधिकार आणि सेवा या मूल्यांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यातील मतभेदांचे विश्लेषण करता येईल.
• महाराष्ट्रातील अँग्लिकन परंपरेचा थोडक्यात परिचय करून देता येईल.

४.१ प्रस्तावना

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळींचा परिचय करून घेतला. ‘स्त्रीधर्मनीति’च्या लेखिका म्हणून पंडिता रमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हेही तुम्ही वाचले असेल. परंतु त्यांनी नेमक्या कोणत्या ख्रिस्ती परंपरेत प्रवेश केला, तिची श्रद्धा काय होती आणि पुढे त्या परंपरेशी त्यांचा वाद का झाला, हे प्रश्न बहुधा बाजूला राहतात. ‘ख्रिस्ती धर्म’ असा सरसकट उल्लेख केल्याने त्या वादाचे मर्म हाती लागत नाही. म्हणून प्रथम या परंपरेची ओळख करून घेऊ आणि मग वादाकडे वळू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ऐतिहासिक पार्श्वभूमी

१५३४ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत इंग्लंडच्या चर्चने पोपची सत्ता नाकारली. या घटनेमागे राजाच्या विवाहाचा आणि सत्तेचा प्रश्न होता, हे खरे. पण त्यातून निर्माण झालेली परंपरा केवळ राजकीय राहिली नाही. तिने बिशपपद, जुने मतांगीकार आणि विधिबद्ध उपासना कायम ठेवली. त्याच वेळी लोकभाषेतील प्रार्थना आणि बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य ही धर्मसुधारणेची तत्त्वेही स्वीकारली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही प्रवाहांचे अंश जपणाऱ्या या भूमिकेला ‘मध्यम मार्ग’ म्हटले जाते.

साहजिकच या चर्चमध्ये दोन्हीकडे झुकणारे गट राहिले. १८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीने प्राचीन परंपरा, संस्कार आणि धर्माधिकार यांवर भर दिला. १८४८ मध्ये वाँटेज येथे स्थापन झालेला सेंट मेरी द व्हर्जिन हा भगिनीसंघ याच वातावरणात वाढला. रमाबाई ज्या आश्रयाला गेल्या तो हा भगिनीसंघ होय, ही गोष्ट लक्षात ठेवा.

४.२.२ श्रद्धेचे आधार

अँग्लिकन श्रद्धेचे आधार पुढीलप्रमाणे सांगता येतात.

(अ) धर्मशास्त्र : तारणासाठी आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे, जे त्यात नाही अथवा त्यावरून सिद्ध होत नाही ते कोणावरही श्रद्धा म्हणून लादता येत नाही, असे चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सहावे कलम सांगते. या कलमांना १५७१ मध्ये अंतिम रूप मिळाले.

(आ) मतांगीकार : प्रेषितांचा, नायसीयाचा आणि अथनेशियसचा या तीन मतांगीकारांत पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांची ग्वाही आहे. हे मतांगीकार शास्त्रावरून सिद्ध होतात, म्हणून ते स्वीकारले पाहिजेत, असे आठवे कलम म्हणते.

(इ) संस्कार : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार ख्रिस्ताने स्वतः स्थापन केले, असे मानले जाते.

(ई) ऐतिहासिक बिशपपद : बिशप, प्रीस्ट आणि डीकन अशी त्रिविध सेवकपदे प्रेषितांच्या काळापासून चालत आली आहेत, अशी धारणा आहे. १८८८ च्या लँबेथ परिषदेने चर्चच्या एकीकरणासाठी मांडलेल्या चतुःसूत्रीत शास्त्र, मतांगीकार, दोन संस्कार आणि बिशपपद यांचाच समावेश होता.

रिचर्ड हूकर (१५५४–१६००) या विचारवंताने शास्त्राला अग्रस्थान देऊन त्याच्या जोडीला विवेक आणि परंपरा यांनाही स्थान दिले. पुढील काळात या तिहींना तिवईच्या तीन पायांची उपमा दिली गेली. पण तीन पाय एकमेकांशी जुळले नाहीत तर काय करावे? हा प्रश्न पुढे आपल्याला भेटणार आहे.

४.२.३ मूल्ये

पहिले मूल्य सामूहिक उपासनेचे. थॉमस क्रॅन्मर याच्या पुढाकाराने १५४९ मध्ये ‘सामान्य प्रार्थनेचे पुस्तक’ प्रसिद्ध झाले. येथे ‘सामान्य’ म्हणजे सर्वांची समाईक. धर्मगुरू आणि शेतकरी यांनी एकाच भाषेत, एकाच शब्दांत प्रार्थना करावी, ही त्यामागील कल्पना. अँग्लिकन मंडळी काय मानते हे जाणून घ्यायचे असेल, तर ती कशी प्रार्थना करते ते पाहावे लागते.

दुसरे मूल्य आज्ञाधारकतेचे व शिस्तीचे. भगिनीसंघात ते अधिक कडक होते. तिसरे मूल्य सेवेचे. वाँटेजच्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी काम करीत. ते पाहून रमाबाई अतिशय प्रभावित झाल्या. ज्या स्त्रियांना आपला समाज दूर लोटतो त्यांना जवळ घेणारी ही वृत्ती कोठून येते, असा प्रश्न त्यांना पडला. त्याच्या उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यात आली. रमाबाईंच्या धर्मांतरामागे तत्त्वचर्चेइतकाच या सेवेचा वाटा होता.

४.२.४ श्रद्धा आणि विवेक : एक मतभेद

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आणि त्यांची गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्यात मतभेद झाले. रमाबाई पत्रांत तिला ‘आजीबाई’ म्हणत. त्यावरून दोघींमधील जिव्हाळ्याची कल्पना येते. म्हणूनच हा वाद परक्यांमधला नव्हता आणि दोघींनाही तो क्लेशकारक ठरला.

वादाचा मुख्य विषय त्रैक्याचा सिद्धान्त व अथनेशियसचा मतांगीकार हा होता. बायबल वाचून जे पटेल तेवढेच मी स्वीकारीन, अशी रमाबाईंची भूमिका होती. जेराल्डीनच्या मते, मंडळीत प्रवेश करणे म्हणजे तिची श्रद्धा संपूर्णपणे स्वीकारणे होय. नवख्या व्यक्तीने शतकानुशतकांच्या परंपरेपुढे स्वतःची बुद्धी ठेवणे हा अहंकार. आता वरील सहावे आणि आठवे कलम पुन्हा वाचा. रमाबाईंचा आग्रह सहाव्या कलमाच्या आशयाशी जुळतो, जेराल्डीनचा आठव्याशी. म्हणजे या वादात एक बाजू अँग्लिकन आणि दुसरी विरोधी, असे म्हणता येत नाही. त्या परंपरेच्या पोटातच असलेला ताण दोघींच्या रूपाने समोर आला.

लहानसहान गोष्टींतही हा ताण दिसतो. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्यात जेराल्डीनला जातीचा अभिमान दिसला. क्रूसावरील लॅटिन अक्षरे रमाबाईंना नको होती. त्यांना त्याऐवजी संस्कृत हवे होते. येथे एक प्रश्न उभा राहतो. लोकभाषेत प्रार्थना करण्याच्या मूल्यावर जी परंपरा उभी राहिली, तिच्यात मराठी स्त्रीने लॅटिन का पत्करावे? श्रद्धा कोणती आणि इंग्रजी रीत कोणती, यांची सरमिसळ रमाबाईंनी मान्य केली नाही.

तथापि, जेराल्डीनला केवळ हेकट ठरविणे अन्यायाचे होईल. आपल्याविरुद्ध जाणारी पत्रेही तिने जपली आणि संकलित केली. तिच्यामुळेच हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध होऊ शकला.

४.२.५ महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईतील सेंट थॉमस कथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये मुंबईचा धर्मप्रांत स्थापन झाला. आरंभीचे हे चर्च प्रामुख्याने राज्यकर्त्यांचे होते. मराठी समाजाशी त्याचा संबंध पुढे मिशनकार्यातून वाढला. चित्पावन कुळातील नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या गोरे या नावाने ते अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव होता. पुण्याच्या पंचहौद मिशनचे नाव तर १८९० च्या चहाप्रकरणामुळे सर्वपरिचित आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताच्या चर्चची स्थापना झाली आणि येथील अँग्लिकन मंडळी इतर पाच चर्चपरंपरांसह त्यात विलीन झाली.

स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘मध्यम मार्ग’ म्हणजे काय?
२. ‘सामान्य प्रार्थनेचे पुस्तक’ प्रथम केव्हा प्रसिद्ध झाले?
३. रमाबाई आणि जेराल्डीन यांच्या वादाचा मुख्य विषय कोणता?

४.३ सारांश

शास्त्र, मतांगीकार, संस्कार आणि बिशपपद हे अँग्लिकन श्रद्धेचे आधार. सामूहिक उपासना, शिस्त आणि सेवा ही तिची मूल्ये. सेवेच्या मूल्याने रमाबाई या परंपरेत आल्या आणि शिस्तीच्या मूल्याशी त्यांचा संघर्ष झाला. त्यांनी ख्रिस्तावरील श्रद्धा सोडली नाही. परंतु आपला विवेकही कोणाच्या स्वाधीन केला नाही. समूहात राहून स्वतःचा विचार कसा राखावा, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अथवा संघटनेच्या सदस्याला लागू पडतो.

४.४ पारिभाषिक शब्द

मतांगीकार : श्रद्धेतील मुख्य तत्त्वांचे संक्षिप्त, सामूहिक उच्चारण.
त्रैक्य : एकाच ईश्वराच्या ठायी पिता, पुत्र व पवित्र आत्मा असल्याचा सिद्धान्त.
धर्मप्रांत : एका बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही प्रवाहांचे अंश जपणारी अँग्लिकन भूमिका म्हणजे ‘मध्यम मार्ग’ होय.
२. ‘सामान्य प्रार्थनेचे पुस्तक’ प्रथम १५४९ मध्ये प्रसिद्ध झाले.
३. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अथनेशियसचा मतांगीकार हा त्यांच्या वादाचा मुख्य विषय होता.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. अँग्लिकन श्रद्धेचे आधार सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘रमाबाई व जेराल्डीन यांचा वाद हा एकाच परंपरेतील दोन मूल्यांचा वाद होता.’ या विधानाची चर्चा करा.
३. उपक्रम : तुम्ही ज्या समूहात वाढलात त्यातील एखादी रीत निवडा. ती मूळ श्रद्धेचा भाग आहे की केवळ रूढी, याविषयी घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोला आणि दोन पानी टिपण लिहा. टिपणात त्यांचे मत आणि तुमचे मत स्वतंत्रपणे नोंदवा.