'एमएस' म्हणजे नक्की काय? संगणकातल्या छोट्या नावांचा घोळ



लांब नाव पूर्ण घ्यायचा आपल्याला कंटाळा. जिल्हा परिषदेची झेडपी झाली, राज्य परिवहनाची एसटी झाली. यवतमाळच्या स्टँडवर 'एसटी लागली का?' असं विचारलं की बस कळते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर 'एसटी' दिसलं की अनुसूचित जमाती हा प्रवर्ग कळतो. अक्षरं तीच, पण मागचा-पुढचा संदर्भ ओळखीचा असल्यामुळे आपली गल्लत होत नाही.

संगणक नव्याने शिकणाऱ्या मुलाजवळ हा संदर्भच नसतो. आपण सवयीने छोटं नाव बोलून जातो आणि मूल त्याचा भलताच अर्थ धरून बसतं. नेहमीची चार उदाहरणं बघू.

१) एमएस
एमएस-वर्ड, एमएस-एक्सेल, एमएस-डॉस यांतला 'एमएस' म्हणजे मायक्रोसॉफ्ट, ही अमेरिकन कंपनी. पण एमएस-सीआयटी मधला 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट! हा २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा, म्हणजे एमकेसीएलचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींना नुसतं 'एमएस' म्हटलं की काय होतं? वर्ड-एक्सेल शिकलेला मुलगा 'माझं एमएस झालं' म्हणतो आणि घरचे समजतात प्रमाणपत्र मिळालं. राज्यातल्या बऱ्याच सरकारी पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र मागतात. अर्ज भरताना हा फरक कळून उपयोग नाही, तो आधीच कळायला हवा.

२) ऑफिस
'ऑफिस उघड' म्हटलं की लहान मूल मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बघतं! संगणकातलं ऑफिस हा एक प्रोग्राम नसून संच आहे. लिहायला वर्ड, हिशोबाला एक्सेल, सादरीकरणाला पॉवरपॉइंट. शिवाय लिब्रेऑफिस नावाचा मोफत संचही आहे. त्यात लिहायच्या प्रोग्रामचं नाव रायटर. म्हणून 'ऑफिस' न म्हणता नेमका प्रोग्राम सांगावा.

३) एक्सप्लोरर
इंटरनेट एक्सप्लोरर हा वेबसाइट बघायचा ब्राउझर होता. मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये त्याला निरोप दिला. फाइल एक्सप्लोरर मात्र आजही आहे, पण तो आपल्याच संगणकातल्या फायली दाखवतो. जुन्या पुस्तकातून शिकवताना इथे हमखास गोंधळ होतो.

४) ड्राइव्ह
सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह संगणकात असतात, पेन ड्राइव्ह खिशात असतो, आणि गुगल ड्राइव्ह इंटरनेटवर. 'प्रकल्प ड्राइव्हला टाका' एवढंच सांगितलं, तर एखादी मुलगी तो शाळेच्या संगणकातल्या डी ड्राइव्हमध्ये ठेवून निश्चिंत घरी जाते. रात्री मोबाइलवर शोधते तर फाइल नाही! मेहनत तिने केली, पण आपली सूचना अर्धवट होती.

वर्गात काय करावं?
फळ्यावर छोटं नाव लिहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा:
• पूर्ण नाव काय?
• ते कोणी बनवलं?
• त्याचं काम काय?
तिन्ही उत्तरं आली की मगच ते छोटं नाव वर्गात वापरायचं. मुलांनी वहीच्या शेवटच्या पानावर ही यादी वाढवत न्यावी. परीक्षेच्या आधी तीच उजळणी होते.

पालकांसाठी
कोर्सची फी भरण्याआधी पावतीवर अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि प्रमाणपत्र कोण देणार हे बघून घ्या. मोबाइलवर काही डाउनलोड करताना पूर्ण नाव आणि बनवणारी कंपनी तपासा. सारख्या नावांची नकली ॲप्स असतात.

छोटी नावं वाईट नाहीत, त्यांनी वेळ वाचतो. पण ज्याला पूर्ण नाव माहीत आहे त्याचाच. म्हणून आधी पूर्ण नाव, मग छोटं, हा क्रम आपण पाळू या.