बलसंवर्धन आणि प्रथिनचूर्णे

नागपूरच्या इतवारीतील धान्यबाजारात चणा, तूर, मूग सहज मिळतात. तरीही व्यायाम करणारे अनेक तरुण महागड्या प्रथिनचूर्णांकडे वळतात. स्नायू वाढतात ते नियमित भारव्यायामाने. प्रथिने त्यास साहाय्यभूत ठरतात. साठ किलो वजनाच्या निरोगी प्रौढास रोज सुमारे ५० ग्रॅम, तर भारव्यायाम करणाऱ्यास ९६ ग्रॅमपर्यंत प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम चण्यांतून सुमारे २० व एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने लाभतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी अशी चूर्णे टाळण्याचाच सल्ला दिला. क्रिएटिनची उपयुक्तता मात्र सिद्ध झाली आहे. तथापि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. घरातील डाळ-दूध कमी करून डबा आणणे हिताचे नव्हे, ही जाण शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तरुणांना करून द्यावी.